साधं जगणं, भजन, कुतूहल, कला: नागपूरकरांनो, तुम्हाला बळ कशातून मिळतं?

मृण्मयी_त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी,
बरेच दिवस हे मनात घोळतंय. आमच्या मिहानमधल्या ऑफिसात सध्या जो तो 'मिनिमलिझम'वर बोलतो. कपाट रिकामं केलं, मोजके शर्ट ठेवले, अमुक ॲप काढून टाकलं. चांगलंच आहे. पण कपाट रिकामं झाल्यावर पुढे काय, यावर कोणी बोलत नाही. साधेपणा ही नुसती तयारी झाली असं मला वाटतं. खरा प्रश्न त्यानं मोकळ्या झालेल्या वेळाचा आहे. तो परत मोबाइलनेच भरला तर काय साधलं? गळ्याला, हाताला, डोळ्यांना काही काम मिळायला हवं. आणि ते पैशासाठी नको, शाबासकीसाठीही नको.

आईच्या पिढीला हे आयतं मिळत होतं. हरिपाठ, महिला मंडळाचं भजन, वाचनालय, चातुर्मासातली प्रवचनं. आमच्यापर्यंत त्यातलं थोडंच पोचलं.

म्हणून विचारते: तुम्ही काय करता? उपदेश नको, तपशील द्या. कुठे जाता, कोणाबरोबर करता, आणि त्यानं काय बदललं?

तर्रीपोहे
रविवारी सकाळी मित्रांसोबत टपरीवर उभं राहून तर्री-पोहे. मोबाइल खिशात, कारण दोन्ही हात गुंतलेले. यापेक्षा मोठी ध्यानधारणा मले ठाऊक नाही राजेहो :)

अनघा_धरमपेठ
वाचतेय. धागा छान. @तर्रीपोहे, वरून चणे आणि रस्सा घेतला की समाधीच लागत असेल!

गोपाळनगरचे_काका
मृण्मयीताई, तपशील मागितलात हे बरं केलं.

मी निवृत्तीनंतर खंजिरी शिकायला लागलो. आमच्या वस्तीत गुरुदेव सेवा मंडळाचं भजन होतं. लहानपणी गावाकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज व्हायची. चटया झाडणं, समई पुसणं, ओळीत शांत बसणं, सगळं पोरांनी करायचं. तेव्हा कंटाळा यायचा. आता तेच करायला मी सगळ्यांच्या आधी जातो.

खंजिरी दिसते एवढीशी, पण सोपी नाही. डाव्या हातात कडी धरायची, त्याच हाताच्या बोटांनी कातड्याच्या कडेला दाब द्यायचा आणि उजव्या हातानं वाजवायचं. दाब जरा कमीजास्त झाला की नाद बदलतो. पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं, नुसता भद्द आवाज येतो. मग शेगडीपासून वीतभर लांब धरून गोल फिरवत शेकायची, मधूनमधून टिचकी मारून कान लावायचा. जास्त शेकली तर कातडं तडकेल, म्हणून त्या वेळी माणूस दुसरा कसलाच विचार करू शकत नाही. मला तर भजनाइतकंच हे शेकणं आवडतं.

आणखी एक. महाराजांना लोक फक्त भजनापुरते ओळखतात. ग्रामगीतेचे ४१ अध्याय उघडून पाहा. ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, गोवंश-सुधार असे विषय त्यात देवभक्तीच्या बरोबरीनं बसले आहेत. १९४२ च्या चळवळीत इंग्रजांनी त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं, ते उगाच नाही. भजनाला बसलेला माणूस उठल्यावर झाडू हातात घेतो का, हे ते पाहायचे. आमच्या मंडळात आजही भजन झालं की समोरचा रस्ता झाडतो. माझ्या अध्यात्माचा अर्धा भाग त्या झाडण्यात आहे.

भटकी_स
काका, शेकण्याचं वर्णन वाचून खंजिरी हातात घ्यावीशी वाटली. बायकांना घेतात का मंडळात?

गोपाळनगरचे_काका
घेतात म्हणजे काय! टाळाची सगळी बाजू बायकाच सांभाळतात. या एकदा.

उपासिका_इंदोरा
माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते मांडल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये असं वाटतं.

माझ्या आजीकडे दोन लुगडी होती. एक अंगावर, एक दोरीवर. ती साधी राहणी नव्हती, तिच्यावर लादलेली गरिबी होती. त्यामुळे 'कमी वस्तूंत सुख आहे' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, कमी करायचं हे ठरवलं कोणी? बाबासाहेब कडक इस्त्रीचा सूट घालायचे. आमच्या लोकांना त्यातून काय मिळालं हे ज्यांच्या अंगावर पिढ्यानपिढ्या धड कपडा नव्हता त्यांनाच कळतं. गांधीजी सेवाग्रामला जाऊन राहिले. बाबासाहेब म्हणत होते, गाव सोडा, शहरात या, शिका. दीक्षाभूमी आणि सेवाग्राम यांच्यात जेमतेम पाऊणशे किलोमीटरचं अंतर आहे, पण चांगलं जगणं म्हणजे काय याची ही दोन वेगळी उत्तरं आहेत. नागपूरच्या माणसाला दोन्ही ऐकावीच लागतात.

आता बळ कशातून मिळतं ते सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी त्या लाखोंच्या गर्दीत होती. तिला वाचता येत नव्हतं. पण नंतर दर वर्षी दीक्षाभूमीवर गेली की ती एक पुस्तक विकत घ्यायची, वर्तमानपत्राचं कव्हर घालायची आणि माझ्या वडिलांना कंदिलासमोर बसवून मोठ्यानं वाचायला लावायची. कळलं नाही की थांबवायची, "पुन्हा वाच." धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे किती स्टॉल लागतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी या वर्षी जाऊन पाहा. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या बायका येताना गाठोड्यात भाकरी बांधून आणतात आणि जाताना त्याच गाठोड्यात पुस्तकं बांधून नेतात. कुतूहल ही फुरसतीच्या लोकांची चैन आहे असं मला कोणी सांगू नये.

कलेचं म्हणाल, तर बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. एवढ्या व्यापात. ते आठवलं की माझं हार्मोनियमवर बसणं होतंच.

अनघा_धरमपेठ
ताई, टाळ्या. "पुन्हा वाच" वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मृण्मयी_त्रिमूर्तीनगर
@उपासिका_इंदोरा, मनापासून आभार. साधेपणा निवडलेला असेल तरच त्याला किंमत आहे, हे माझ्या प्रश्नात असायला हवं होतं. तुमचं ते व्हायोलिनचं वाक्य मी ऑफिसच्या डेस्कवर लिहून लावलंय.

काटोलरोड
बाबासाहेबांच्या वस्तू पाहायच्या असतील तर चिचोलीच्या शांतिवनात जा. त्यांचे कपडे, टाइपरायटर तिथे जपून ठेवलेत. शाळेच्या सहली वॉटर पार्कला जातात, इथे का जात नाहीत कळत नाही.

महालकर
कलेवर कोणीच लिहून नाही राहिलं म्हणून लिहितो.

आमच्याकडे मारबत. बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती (बाईच्या रूपातले पुतळे) निघतात, सोबत बडगे (पुरुषांचे पुतळे). काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात.

बडग्याच्या कामात मी पोरपणापासून हात घालतो. बांबूच्या कामट्या बांधायच्या, त्यावर कागदाचे थर, खळ, पुन्हा कागद. चेहऱ्याचं काम मोठ्यांकडे. भुवई थोडी खाली उतरली तर चेहरा रागीट न होता रडका होतो, म्हणून भुवईला एकच माणूस हात लावतो. खळीचा वास नखांतून जात नाही. एवढी मेहनत, आणि दुसऱ्याच दिवशी सगळं जळून खाक. कोणाचं नाव नाही, सही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कामट्यांपासून सुरुवात.

फोटो काढून ठेवा, विका, प्रदर्शन भरवा, असं लोक सांगतात. मी हात जोडतो. ठेवायचंच नाही म्हटल्यावर भुवई काढताना हात कापत नाही.

तर्रीपोहे
महालकर भौ, यंदाच्या बडग्यात माझ्या बॉसचा चेहरा बसवता येईल का? कागद मी आणतो.

महालकर
रांग मोठी आहे भाऊ, नंबर लावा :)

वर्धा_पॅसेंजर
@उपासिका_इंदोरा, तुमचा मुद्दा मान्य आहे, आणि तरी सेवाग्रामच्या बाजूनं दोन शब्द.

मी सवड मिळाली की पेटी चरख्यावर कातायला बसतो. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले, त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. बापूकुटीत गेल्यावर लोक काठी, तीन माकडं पाहतात आणि बाहेर पडतात. भिंत कोणी पाहत नाही. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीच्या भिंतीवर उठावाचं काम केलं आहे. ताडाची झाडं, चरखा. इतक्या साध्या घरातसुद्धा कोणाला तरी झाड कोरावंसं वाटलं, आणि ते कोरू दिलं गेलं. साधेपणा म्हणजे रूक्षपणा नव्हे, हे मला त्या भिंतीपुढे उभं राहून पटलं.

कातताना पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) दोन बोटांच्या चिमटीत धरायचा. घट्ट धरला तर सूत तुटतं, सैल सोडला तर जाड गाठी पडतात. एक गुंडी म्हणजे १००० मीटर सूत. बाजारात तयार सूत मिळत असताना हे का, असं बायको विचारते. मी तिला एकदा बसवलं. आता चरखा मला मिळत नाही.

तिथून पवनारला जा. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, स्त्रियांसाठी. विनोबा कुदळ मारत असताना जमिनीतून भरत-राम भेटीचं शिल्प निघालं, तेच तिथे मंदिरात आहे. स्वयंपाक, शेती, सफाई, छपाई, सगळं तिथल्या भगिनी स्वतः करत आल्या. आणि निर्णय बहुमतानं नाही, सर्वसंमतीनं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून जे होतं ते पाहता मला हे फार मोठं वाटतं.

उपासिका_इंदोरा
@वर्धा_पॅसेंजर, सफाई स्वतः करणं यात मला सगळ्यात जास्त अर्थ दिसतो. झाडू एकाच जातीच्या हातात राहू नये, यासाठी जे कोणी काही करेल त्याला माझा नमस्कार. काकांच्या मंडळालाही.

आणि तुम्ही प्रार्थनेला थांबला असाल तर ऐकलं असेल, सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात 'नम् म्यो हो रेंगे क्यो' या जपानी बौद्ध मंत्रानं होते. जपानी भिक्षू फुजी गुरुजींमुळे तो तिथे आला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चकित होऊन शेजारच्या बाईंकडे पाहत राहिले.

वर्धा_पॅसेंजर
हो! आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराचं नातंही जपानशीच. यावर कोणीतरी वेगळा धागा काढा.

बुटीबोरी_शिफ्ट
सगळ्यांचा मान ठेवून विचारतो. हे सगळं कधी करायचं? बारा तासांची पाळी, बसमध्ये जाऊन-येऊन तीन तास, घरी दोन पोरं, होमलोन. रात्री अंग टाकलं की सकाळ. तुम्ही म्हणता मोबाइल बाजूला ठेवा. बसमध्ये तो मोबाइलच माझा सोबती आहे. वेळ असणं हीच मोठी श्रीमंती आहे, आणि ती आमच्याकडे नाही. रागानं लिहीत नाही, खरंच विचारून राहिलो.

गोपाळनगरचे_काका
भाऊ, रागानं लिहिलं असतंत तरी चाललं असतं. नोकरीत असताना माझीही हीच गत होती. तेव्हा कोणी मला भजनाला या म्हटलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

अनघा_धरमपेठ
@बुटीबोरी_शिफ्ट, याचं सोपं उत्तर नाही आणि मी देणारही नाही. बारा तासांच्या पाळीवर उपाय चरखा नाही, आठ तासांची पाळी हाच आहे.

फक्त एक आठवलं ते सांगते. सिव्हिल लाइन्समधला देशपांडे हॉल ज्यांच्या नावाचा आहे ते वसंतराव देशपांडे नागपुरात वाढले, शंकरराव सप्र्यांकडे शिकले, आणि पुढे बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत करत गायले. नोकरी आणि गाणं एकाच दिवसात बसवायची ओढाताण त्यांनाही चुकली नाही. तुम्ही कधी काही गायचात, वाजवायचात का?

शमीम_उमरेडरोड
अस्सलामु अलैकुम, नमस्कार. ताजबाग दर्ग्याचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो. माझं घर जवळच. बाबा ताजुद्दीन यांना त्या काळी लोकांनी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या महालात आणलं. १९२५ साली बाबा गेले. ज्याला दुनियेनं वेडा ठरवलं त्याच्या दारात हिंदू राजा हात जोडून उभा राहिला, ही गोष्ट मी माझ्या मुलांना झोपताना सांगतो.

दर्ग्यात मी फार काही मागत नाही. भिंतीला टेकून कव्वाली ऐकतो. ढोलकवाल्याचा हात गरम झाला की शेजारी बसलेला अनोळखी माणूसही आपल्याच तालात टाळी देतो. तेवढ्यावर आठवडा निघतो. @बुटीबोरी_शिफ्ट भाऊ, पाळी सुटल्यावर कधी रात्री उशिरा आलात तर मला निरोप टाका, चहा माझ्याकडे.

एकांत
माझा अनुभव या सगळ्यांच्या उलटा आहे. मला सोबतीनं काही होत नाही. माहुरझरीच्या केंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. मौन, मोबाइल जमा, पुस्तक नाही, वही-पेनसुद्धा नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास. मला वाटतं ढोलक, टाळ, गर्दी यांनी मन गुंगवणं सोपं आहे, त्याला पाहणं अवघड.

शमीम_उमरेडरोड
गुंगवणं म्हणा भाऊ, पण गुंगीतून उठल्यावर मी घरी कोणावर ओरडत नाही. तुम्ही शिबिरातून आल्यावर ओरडता का?

एकांत
कमी ओरडतो. म्हणजे आपण दोघं एकाच ठिकाणी पोचलो असं दिसतंय :)

उपासिका_इंदोरा
@एकांत, भगवान बुद्धांनी संघालाही शरण जायला सांगितलंय, एकट्यानं बसणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवा. (प्रेमानं म्हणतेय.)

काटोलरोड
एकांत, माहुरझरी म्हणालात म्हणून राहवत नाही. तुम्ही डोळे मिटून बसला होतात तो परिसर डोळे उघडून पाहण्यासारखा आहे. लोहयुगात तिथे दगडाचे मणी घडवायचे. कार्नेलियन, अकीक. आणि काटोल रोडवरच जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. मोठमोठे धोंडे गोल मांडलेले, आत मृतांसोबत पुरलेली लोखंडी हत्यारं, भांडी. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये तिथलं उत्खनन मांडलं. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत, ओळीत. ते नेमके कशासाठी, यावर अभ्यासकांची डोकी अजून चालू आहेत. ताऱ्यांशी, दिशांशी संबंध लावून पाहणारेही आहेत.

मी खतांच्या दुकानात बसतो, पुरातत्त्वाशी माझा काडीचा संबंध नाही. पण एकदा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते खळगे दिसले. दुपारी डोक्यावर ऊन असताना दगड सपाट वाटतो, ऊन कललं की प्रत्येक खळग्यात सावली भरते आणि ओळ उमटते. बोट फिरवलं तर कडा गुळगुळीत लागतात. तेव्हापासून मी वाचायला लागलो. अजब बंगल्यात (आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात) जाऊन महापाषाणकालीन वस्तू पाहिल्या, घोड्याचे दागिने पाहिले. आता दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी नकाशे पाहत असतो. मला देवाधर्माचं फार कळत नाही. पण ज्यांची भाषा काय होती हेही ठाऊक नाही अशा माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी इतके धोंडे ओढले, हे आठवलं की गिऱ्हाइकाशी दोन रुपयांवरून वाद घालावासा वाटत नाही.

भटकी_स
दादा, नेता का आम्हाला?? मी नागपुरात जन्मले आणि जुनापाणी हे फक्त बसच्या पाटीवर वाचलंय.

तर्रीपोहे
मी पण. पोहे मी आणतो.

बुटीबोरी_शिफ्ट
@अनघा_धरमपेठ, तुम्ही विचारलं होतं. दोन दिवस उत्तर द्यायला जमलं नाही.

माझं गाव वडशाजवळ. दिवाळी झाली की झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं सुरू होतात. माझा सख्खा काका दिवसा धानाच्या बांध्यात, रात्री स्टेजवर. रात्रभर नाटक, पहाट झाल्याशिवाय लोक उठत नाहीत. गावोगावचे पाहुणे मुक्कामी येतात, लेकी माहेरी येतात, पोरीपोरांच्या सोयरिकी तिथेच जुळतात. मी लहानपणी पडदा ओढायचो. दोरीला जिथे हात घासायचा तिथे घट्टा पडला होता, तो अजून आहे. काकाला विचारलं होतं, दिवसभर चिखलात राबून रात्री कसं जमते गा? तो म्हणे, स्टेजवर चढलो की थकवा खाली राहते.

हे सगळं मी इथे येऊन विसरून गेलो होतो असं नाही, पण कोणी विचारलं नव्हतं. परवा बसमध्ये शेजारच्या पोराला काकाचं एक पात्र करून दाखवलं, आवाजासकट. मागच्या दोन सीट वळून पाहायला लागल्या. काल त्यांनीच म्हटलं, आज पुढचं सांगा. वेळेची तक्रार माझी कायम आहे, अनघाताई बोलल्या ते शंभर टक्के खरं. पण बसचे ते तीन तास आता थोडे वेगळे जाऊन राहिले.

अनघा_धरमपेठ
भाऊ!! या सीझनला वडशाला यायचं झालं तर राहायची सोय होईल का?

बुटीबोरी_शिफ्ट
सोय काय विचारता ताई, घर आहे आमचं. फक्त रात्री झोपायचं नाही, एवढीच अट.

मृण्मयी_त्रिमूर्तीनगर
सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, यातले सगळे कुठे ना कुठे घराबाहेर पडलेत किंवा कोणाशेजारी जाऊन बसलेत. एकांतसुद्धा हॉलमध्ये शंभर जणांमध्येच बसला असेल ना, असं तिचं म्हणणं. मी घरी बसून शोधत होते. मी या आठवड्यात काकांच्या मंडळात जातेय, टाळ वाजवायला.

@काटोलरोड, जुनापाणीचं नक्की करा. मी, भटकी_स, तर्रीपोहे झालो. आई पण येते म्हणतेय, तिचे गुडघे दुखतात, चालायला किती आहे?

काटोलरोड
काकूंना जमेल, फार चढ नाही. येत्या रविवारी दुपारी चारला निघू, म्हणजे तिरपं ऊन मिळेल. टोपी, भरपूर पाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, काटेरी झुडपं आहेत. संरक्षित जागा आहे, दगड हलवायचे नाहीत, खडूनं खुणा करायच्या नाहीत, खाऊन कागद टाकायचे नाहीत. पोहे गाडीजवळच.

उपासिका_इंदोरा
मी आणि माझी मुलगी येतोय. ती सातवीत आहे, प्रश्न फार विचारते.

काटोलरोड
तिला वही आणायला सांगा.

एकांत
माझ्या गाडीत तीन जागा आहेत. इंदोऱ्याहून घेऊन येऊ शकतो.

शमीम_उमरेडरोड
रविवारी दुकान बंद करून येतो. तर्रीपोहे भाऊ, माझ्यासाठी रस्सा जास्त.